नळाचं पाणी आणि अचौर्य व्रत



नळाला पाणी सुटायची वेळ झाली की घरात एकच धांदल उडते. कोणी हंडे विसळतंय, कोणी पिंपाची झाकणं काढतंय आणि मी दुपदरी फडकं धुऊन नळाला बांधतेय. लग्न होऊन म्हसवडला आले तेव्हा सासूबाईंनी सगळ्यात आधी शिकवलं ते पाणी गाळणं. फडकं जाड हवं, दुहेरी हवं, आरपार उजेड दिसता कामा नये. पाणी गाळून झालं की फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने हलक्या हाताने धुवायचं आणि ती जिवाणी आडात परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही. भांडं पाण्यापर्यंत उतरवून अलगद उलटं करायचं, म्हणजे जीव आपटून मरत नाहीत. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, मग पुन्हा गाळायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा देईपर्यंत त्यांनी हे कधी चुकवलं नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी आपण एवढी काळजी घेतो. आज मला सांगायचंय ते याच नळाबद्दल, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आमच्या नळाला मोटार होती. नळाच्या लाइनीला थेट जोडलेली. पाणी सुटलं की बटण दाबायचं, वरची टाकी भरून घ्यायची. गल्लीत बऱ्याच घरांत आहे, आमच्याही होती. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नव्हतं. उलट मोटारीच्या तोंडालाही मी फडकं बांधत होते आणि त्याचा मला अभिमान होता.

आमच्या बोळाच्या टोकाला एक काकू राहतात. चार शेळ्या, दोन नाती आणि पत्र्याचं घर. गेल्या उन्हाळ्यात एकदा त्या घागर घेऊन दारात आल्या.

"वैनी, तुमच्याकडं आलं का वो पाणी? आमच्याकडं नुसती हवा आली."

मी म्हटलं, "या की काकू, न्या भरून." दोन घागरी दिल्या, वर नातीसाठी चार शेंगदाण्याचे लाडू दिले. जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं हायती म्हणून चाललंय बघा." मला फार बरं वाटलं. जेवताना घरात सांगितलंही, आज पाण्याचं दान घडलं म्हणून.

त्याच आठवड्यात मंदिरात आम्हा महिलांचा स्वाध्याय होता. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता, अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार. चोराला चोरीचा मार्ग दाखवणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडणं, मापात फेरफार करणं, चांगल्यात वाईट मिसळणं. तिसऱ्याचं नाव विरुद्धराज्यातिक्रम. सगळ्यांची मान डोलत होती. माप आणि भेसळ म्हटलं की दुकानदार आठवतात, आपण सुटलो असं वाटतं. आणि एकदम माझ्या डोक्यात काकूंची घागर आली. लाइन एकच, पाणी तेवढंच. मी मोटारीने ओढलं म्हणून त्यांच्या नळाला हवा आली. म्हणजे मी त्यांना जे दिलं ते माझं नव्हतंच. त्यांचंच पाणी मी घेतलं आणि त्यातल्या दोन घागरी त्यांना परत दिल्या. त्याला दान म्हटलं. वर त्यांचे आशीर्वाद घेतले.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला सामायिकाला बसवेना.

तेव्हापासून मी एका गोष्टीचा सारखा विचार करतेय. घराच्या उंबऱ्याच्या आत आपण एवढ्या बारकाईने धर्म पाळतो. कंदमूळ नाही, रात्री जेवण नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही, चौक्यात कोणी कसं यायचं याचेही नियम. आणि उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तो धर्म संपतो का? नळ, गटार, घंटागाडी, रस्त्यावरचा दिवा हे सगळं "नगरपालिकेचं". ते त्यांचं त्यांनी बघावं, आपण कर भरतो, झालं. मला वाटतं आपलं इथेच चुकतंय.

म्हसवडची नगरपालिका काही आजची नाही. १८५७ सालची आहे. म्हणजे ज्या वर्षी तिकडे उत्तरेत बंड चालू होतं, त्या वर्षी माणगंगेच्या काठच्या या लहानशा गावाला स्वतःचा कारभार मिळाला. आपला भाग दुष्काळी. राजेवाडीचा मोठा तलावसुद्धा १८७६ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सुरू झालेला. या मातीत पाण्याची किंमत कोणाला शिकवावी लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी शेजारपाजारच्या बायकांबरोबर एकाच आडावर पाणी भरलं. आड त्यांच्या सामायिक वापरातला होता, म्हणून तो स्वच्छ ठेवायची काळजीही त्या सगळ्यांना होती.

आता आडाची जागा नळाने घेतली आहे. तो नळ चालवणाऱ्या नगरपरिषदेचं काम कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम आहे. त्यात नगरपरिषदेची काही कामं बंधनकारक आहेत: पाणी, रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, गटारं, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशानाची सोय, आगीपासून संरक्षण. काही कामं ऐच्छिक आहेत, म्हणजे पैसा आणि इच्छा असेल तर करायची: बागा, वाचनालयं, सभागृहं असली. आपण मात्र उलटं करतो. मंगल कार्यक्रमाला सभागृह मिळालं नाही की रागावतो आणि नळाला पाणी आलं नाही की टँकर बोलावतो.

खरी गोम या टँकरमध्ये आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरांना नळाची गरज उरलेली नाही. बोअर आहे, टँकर परवडतो, पिण्याला फिल्टर आहे, दिवे गेले तर इन्व्हर्टर आहे, मुलं खासगी शाळेत जातात. त्यामुळे नळाला पाणी कमी आलं तरी आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. पण ज्यांना अर्ज लिहिता येतो, बोलता येतं, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, तीच माणसं जेव्हा सार्वजनिक नळ सोडून जातात, तेव्हा त्या नळासाठी बोलायला कोण उरतं? टोकाच्या घरातल्या काकू. त्यांच्या शेळ्या, त्यांचा रोजगार, त्यांच्या नाती. त्या कधी जाणार कचेरीत?

यावर मंडळात दोघी-तिघींनी मला उत्तर दिलं. एकीने म्हटलं, "आपण नळाचं पाणी घेत नाही ते बरंच की, तेवढं गरिबांना जास्त मिळतं." ऐकायला छान वाटतं. पण बोअरचं पाणीही त्याच जमिनीतून येतं, आणि पाणी वाचवून कोणी काही म्हणत नाही तोवर ते गरिबाच्या नळापर्यंत पोहोचेलच असं नाही. दुसरी म्हणाली, "राजकारणाच्या चिखलात आपण कशाला? श्रावकाने निवृत्तीकडे जावं." मला हे पटत नाही. निवृत्ती मुनींना शोभते, कारण त्यांनी नळही सोडला, टाकीही सोडली, घरही सोडलं. आपण टाकी भरून घेतो आणि जबाबदारी तेवढी सोडतो. त्याला निवृत्ती कसं म्हणायचं?

खरं तर आपण नगरपरिषदेत जातच नाही असंही नाही. महावीर जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी हवी असते तेव्हा जातो. मुनिसंघाचा विहार असला की रस्ता झाडून घ्यायला सांगतो. मंदिरासमोरचा दिवा गेला की फोन जातो. हे सगळं करायलाच हवं, मी त्याच्या विरोधात नाही. पण आपल्या अर्जांची फाइल काढली तर त्यात फक्त आपलीच कामं दिसतील याची मला लाज वाटते. शेजारच्या वस्तीतल्या गटारासाठी जैन महिला मंडळाचा एक अर्ज गेला तर त्यालाही जीवदयाच म्हणायचं ना?

आता कचऱ्याचं घ्या. मुनींच्या पाच समित्या आपल्याला पाठ आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि प्रतिष्ठापना. पहिल्या चारांवर आपण प्रवचनं ऐकतो, पाचवीवर फारसं कोणी बोलत नाही, कारण ती मलमूत्राची आहे. आपल्या अंगातून, आपल्या हातातून जे टाकायचं ते निर्जंतुक जागा पाहून, कोणत्याही जिवाला त्रास होणार नाही असं टाकायचं, एवढाच तिचा अर्थ. मुनी पिंछीने जमीन झाडून मग टाकतात. आणि आपण? भाजीची देठं, औषधाची रिकामी पाकिटं, फुटलेली काच आणि सॅनिटरी पॅड एकाच पिशवीत कोंबून गाठ मारतो आणि घंटागाडीत फेकतो. ती पिशवी पुढे कोणाच्या तरी हाताने उघडली जाते. बहुतेक वेळा बाईच्याच. काच तिच्या बोटाला लागते. आणि पिशवी गाडीत न पडता कोपऱ्यावर पडली तर गाय ती प्लास्टिकसकट खाते. मग त्याच गाईसाठी आपण पांजरपोळाला पावती फाडतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांत हे सगळं सांगितलं होतं. ओला वेगळा, सुका वेगळा, पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळे. पण आपल्याला ते सरकारी नियम वाटतात. मला विचाराल तर गृहिणीच्या स्वयंपाकघरातली ही पाचवी समिती आहे. पॅडवर लाल पेनाने एक खूण केली तरी पुढच्या बाईला कळतं, हात घालू नको. एवढं करायला कितीसा वेळ लागतो?

दशलक्षणात चौथ्या-पाचव्या दिवशी आपण उत्तम शौच म्हणतो. लहानपणी पाठशाळेत मला वाटायचं, शौच म्हणजे अंघोळ, स्वच्छ कपडे. मग बाईंनी सांगितलं, शौच म्हणजे लोभ जाणं. तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं. आता कळतंय. गाव घाण राहतं ते झाडू कमी पडतो म्हणून कमी आणि "माझं घर तेवढं स्वच्छ" या लोभापायी जास्त. माझ्या दारातला कचरा गेला पाहिजे, तो कुठे गेला याच्याशी मला देणंघेणं नाही.

छोट्या गावांना हे जमत नाही असं म्हणू नका. आपल्याच सातारा जिल्ह्यातलं कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिलं आलं. दुसरं सासवड, तिसरं लोणावळा. तिन्ही महाराष्ट्रातली, तिन्ही नगरपरिषदा. कराडच्या बायका काही आपल्यापेक्षा वेगळ्या मातीच्या नाहीत. घरातून कचरा वेगळा होऊन बाहेर पडल्याशिवाय कोणत्याही गावाचा नंबर येत नाही, आणि घरातला कचरा कोण वेगळा करतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या हक्काचं. आपण बायकांनी हे माहीत करून घ्यायलाच हवं. २०११ पासून महाराष्ट्रात नगरपरिषदांच्या निम्म्या जागा महिलांना आहेत. नगरपरिषदेत महिला व बालकल्याण समिती असते आणि अंदाजपत्रकातला पाच टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे आपल्यापैकी कितीजणींनी कधी विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते, डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता पुन्हा आपल्या वॉर्डाची माणसं आहेत. त्यातली निम्मी बायका आहेत. त्यांच्या नवऱ्यांशी न बोलता त्यांच्याशी बोलायला लागू या. आपण बायकाच जर नगरसेविकेला सोडून "साहेबांना" फोन करत असू, तर त्या निम्म्या जागांचा उपयोग काय?

मागायचं काय, तेही सांगते. सिद्धनाथाची यात्रा दरवर्षी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला भरते. रथ माणगंगेच्या पात्रातून निघतो, लाखांनी लोक येतात. नगरपरिषदेचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच: पाणी, दिवे, दुकानांच्या जागा, झाडलोट. यात्रा आपल्या देवाची नाही, पण पाहुणे आपल्या गावाचे आहेत. पहाटेपासून आलेल्या बाईने जायचं कुठे? आठवडा बाजारात दिवसभर भाजी घेऊन बसणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. तिच्याकडून आपण पालेभाजी घेतो, दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. महिलांसाठी पाण्याची सोय असलेलं, रोज झाडलं जाणारं स्वच्छतागृह ही पहिली मागणी असू द्या. बागेतलं कारंजं नंतर.

बायकांनी मागितलं तर मिळतं का, हा प्रश्न निदान म्हसवडच्या बाईने तरी विचारू नये. आपल्याच गावात चेतना सिन्हांबरोबर खेड्यापाड्यातल्या बायकांनी बँक काढायची ठरवली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. त्या बायका परत आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तुम्ही रक्कम सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो, म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांच्याकडे शिक्षण नव्हतं. आपल्याकडे पदव्या आहेत, गाडी आहे, वेळ आहे. आपल्याकडे फक्त उंबरा ओलांडायची सवय नाही.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम घेतलाय. चातुर्मासात आपण घेतो तसाच. मोटार काढली. नळाला जेवढं येईल तेवढंच घ्यायचं, आणि भांडी भरली की नळ बंद. वाहता नळ सोडणं ही प्रमादचर्या आहे, अनर्थदंडात मोडते, हेही त्याच स्वाध्यायात शिकले. कचरा तीन भागांत, पॅड कागदात खूण करून. आणि महिन्यातून एक अर्ज, स्वतःच्या घरासाठी नसलेला. लेखी द्यायचा, पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळायला हव्यात. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, पोच असली की कागद बोलतो.

पहिला अर्ज मी आमच्या बोळातल्या टोकाच्या नळाला दाब कमी येतो, तो तपासावा म्हणून दिला. सोबत काकूंना नेलं. सही त्यांची आधी, माझी नंतर. त्यांनी सही केली आणि मला विचारलं, "वैनी, पण तुमच्याकडं येतंय की पाणी?" तेव्हा मी त्यांना मोटारीचं सांगितलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं." एवढंच. क्षमावाणी म्हणा, मिच्छामि दुक्कडं म्हणा, आपण दरवर्षी शेकडो जणांना म्हणतो. मला खरोखर जिला म्हणायचं होतं, तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

आता खरं सांगते. मोटार काढल्यापासून वरची टाकी पूर्ण भरत नाही. घरात कुरकुर झाली. कपड्यांचं मशीन आठवड्यातून दोनदाच लागतं. पाहुणे आले की ओढाताण होते आणि मी मनातल्या मनात बटण शोधते. बोळात अजून चार मोटारी आहेत, त्यामुळे काकूंच्या नळाला लगेच धो-धो पाणी आलं असंही झालेलं नाही. पण गेल्या दोन वेळा त्या घागर घेऊन माझ्या दारात आल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आलं थोडं. भागलं."

त्या चार मोटारींपैकी एक आपल्याच मंडळातल्या ताईंची आहे. त्या हे वाचतील. ताई, रागावू नका. पुढच्या स्वाध्यायाला या, मी तुमच्याशेजारीच बसणार आहे.

जय जिनेंद्र.